तीनशे सतरा नंबरचा दहावा

मनकर्णाबाईच्या काफीच्या हाटेलात नंबर चालत नव्हता. बाकी अख्ख्या भिलाईत नंबरच चालायचा. गेटावर नंबर, राशनच्या रांगेत नंबर, दवाखान्यात नंबर. पितळेचा रुपयाएवढा बिल्ला, त्याला भोक, भोकात दोरी, दोरी गळ्यात. ढोराच्या गळ्यातली घंटा वाजते तरी. आमचा बिल्ला वाजतही नव्हता.

अठ्ठावन्न साल होतं. पोलाद कारखान्याच्या चिमण्या उभ्या राहत होत्या. आम्ही भंडारा, गोंदिया, आमगावकडची माणसं चाळीस-चाळीसच्या टोळ्या करून कंत्राटदाराच्या पत्र्याच्या खोल्यांत राहत होतो. खोल्यांच्या शेवटी, रेल्वेच्या लाईनीकडे तोंड करून बाईचं हाटेल. चार बल्ल्या, वर पत्रा, तीन बाकं अन् एक दोन मजली पितळी भांडं, ज्याच्या वरच्या मजल्यातून काफी खालच्या मजल्यात टिपकत राहायची. तिचा नवरा डोंगरगढला इंजिनावर फायरमन होता. तो मेला तेव्हा शेजारच्या क्वार्टरातल्या मद्रासी गार्डाच्या बायकोनं हिला काफी शिकवली अन् ते भांडंही दिलं. चहा आमच्याकडे कोणीही करत होतं. काफी फक्त हीच.

नवा माणूस आला की बाई आधी नाव विचारायची, मग गाव. कोणी सवयीनं नंबर सांगितला की म्हणायची, "नंबर तं मालगाडीच्या डब्यालेबी असते. नाव सांग. गाव सांग. मंग बस." एक रशियन साहेब यायचा, त्यालाही तिनं सोडलं नाही. त्यानं गावाचं नाव तीनदा सांगितलं, तिला एकदाही उचलता आलं नाही, पण सांगितलं ना, म्हणून बस म्हणाली. कोणी अर्धा पेला टाकून उठला तर भर रस्त्यातून हाक मारून परत बसवायची. आवाज असा की शंटिंगचं इंजिन थांबावं. आम्ही भीत होतो तिला, अन् जात होतो. दिवसभरात आपलं नाव ऐकायची ती एकच जागा होती.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तिला खोटं नाव सांगितलं.

कसं ते सांगतो. फेब्रुवारी महिना होता. मी, बोथलीचा बळीराम, तीन हप्त्यांपासून गेटाबाहेर कामासाठी उभा राहत होतो. रोज शंभर माणूस उभा राही, दोघा-तिघांना आत घेत. एका दुपारी चिमणीच्या परांचीवरून एक माणूस पडला. पिपरटोल्याचा केवलराम. पन्नास फुटांवरून पडला, जागीच गेला. मुकादम गुलाबराव आमच्याच भागातला, धोतर-कोट घालणारा, सगळ्यांना भाऊ-भाऊ करणारा माणूस. त्यानं टोळीतल्या पाच जणांना ट्रकात बसवलं अन् सूर्य मावळायच्या आत शिवनाथ नदीवर केवलरामला जाळून टाकलं. ना पंचनामा, ना घरी तार. माणूस मेला की चौकशी लागते, काम थांबते, कंत्राटदाराला उत्तर द्यावं लागते. माणूस मेलाच नाही तर काहीच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावनं गेटाबाहेरच्या शंभरांतून मला बोट केलं. माझी उंची केवलरामएवढी होती, एवढंच. माझ्या गळ्यात बिल्ला टाकला, तीनशे सतरा. बिल्ला घासून धुतलेला होता. दोरी नवी होती. "आजपासून तू केवलराम," तो म्हणाला. "टोळीले मालूम आहे. बाकी कोनाले मालूम पडाची गरज नाई."

मी नाही म्हटलं नाही. मला माहीत होतं काय झालं ते, तरी नाही म्हटलं नाही. तीन हप्ते गेटाबाहेर उभं राहून पाहा, मग मला शिकवा.

त्या संध्याकाळी टोळीबरोबर बाईकडे गेलो. तिनं नाव विचारलं. मी म्हटलं केवलराम, पिपरटोला. तिच्या हातात भरलेला पेला होता. तिनं तो तसाच परत भांड्यात ओतला.

"केवलरामले म्या सहा महिने काफी पाजली," ती म्हणाली. "तू कोन?"

टोळी खाली पाहू लागली. मी खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, बराच वेळ फडक्यानं बाकडं पुसत राहिली, मग पेला भरून माझ्यापुढे आदळला. "इथं तू बळीराम. बाहेर गेला का मर."

पण तीही गप्पच राहिली. तिचं शेड कंत्राटदाराच्या जमिनीवर होतं, पाणी कंत्राटदाराच्या टाकीचं होतं. गप्प राहायला प्रत्येकाजवळ काही ना काही होतंच.

आठ महिने गेले. केवलरामच्या नावानं कार्डं यायची, टपालवाला नंबर पाहून मला द्यायचा. तीन आली. मला अक्षरं लावून लावून वाचता येत होतं. पोरीला ताप आला होता, उतरला. घराच्या मागची भिंत बसली. कधी येता. तिन्ही कार्डं मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. उत्तर काय द्यावं? मी बरा आहे, असं लिहावं? कोण बरा आहे?

अन् मग पक्क्या नोकरीची गोष्ट निघाली. कंत्राटदाराच्या हजेरीवर बिनखाड्याचं वर्ष भरेल त्याची खलाशी, म्हणजे कारखान्याचा पक्का मजूर, म्हणून शिफारस जाणार, पुढे कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर. यादीत तीनशे सतराचं नाव होतं. केवलराम वल्द शालिकराम. गुलाबरावनं मला ते बोट ठेवून दाखवलं अन् पाठीवर हात फिरवला. मी त्या दिवशी जेवलो नाही. आतापर्यंत वाटत होतं की उसना सदरा आहे, काढून देऊ. आता तो माझ्या कातडीला शिवत होते. उद्या माझी माय अंजनाबाई मेली असती तर सुट्टी मागायलाही मला केवलरामची माय मेली म्हणावं लागलं असतं. पण यादीतून नाव काढा, असंही माझ्या तोंडातून निघालं नाही.

दसरा झाल्यावर एका रविवारी दुपारी हाटेल भरलेलं होतं. दारात एक बाई येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, पाय धुळीनं भरलेले, हातात कापडाची पिशवी. पंचविशीची असेल. तिनं पिशवीतून गावाला आलेलं एक जुनं कार्ड काढलं, त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं अन् विचारलं, "तीनशे सतरा नंबर इथं भेटन का जी?"

नवऱ्याचं नाव कसं घेणार? आमच्याकडची कोणती बाई घेते? स्टेशनपासून इथपर्यंत तिनं प्रत्येकाला नंबरच विचारला होता. अन् ज्याला विचारलं त्यानं बरोबर रस्ता दाखवला होता, कारण तीनशे सतरा नंबर रोज कामावर होता.

आमच्या टोळीत फकिरा नावाचा एक होता, जीभ हातभर. त्यानं मान वळवायच्या आतच बोलून टाकलं, "हा काय बसला तीनशे सतरा. अबे, बायको आली तुही. पेढे आन."

हाटेल हसलं. मग फकिराला कळलं तो काय बोलला.

ती माझ्याजवळ आली. माझं तोंड पाहिलं. मग वाकून गळ्यातला बिल्ला पाहिला, कार्डावरचा आकडा पाहिला, परत बिल्ला पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण आकड्याचं चित्र तिनं पाठ केलं होतं.

"आकडा थोच आहे," ती म्हणाली. "मानूस थो नाई."

मनकर्णाबाईनं तिला बसवलं, पाणी दिलं. नाव विचारलं. तिचं नाव शेवंता. माणसाचं नाव विचारलं तेव्हा तिनं पदर दातात धरला अन् पिपरटोल्याचे, पोरीचे बाप, एवढंच म्हटलं. बाईनं पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडे वळली.

"सांग तिले."

मी बिल्ला सदऱ्याच्या आत सरकवला.

"तू सांगत नसशीन तं मी सांगीन. पन मंग या पत्र्याखाली तू पाय ठेवाचा नाई."

मी सांगितलं. किती वाईट सांगितलं ते मलाच माहीत. फेब्रुवारीत गेले, परांचीवरून पडले, नदीवर नेलं. शेवंता रडली नाही. ती विचार करून राहिली होती. मग म्हणाली, "मंग आकडा काहून जित्ता आहे?"

याचं उत्तर त्या हाटेलात बसलेल्या तीस माणसांना माहीत होतं.

"माहे कारडं?" तिनं विचारलं.

"माह्याजवळ आहेत."

"वाचले?"

"हाव."

तिनं हातातलं कार्ड पिशवीत परत ठेवलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बातमीला पाय फुटले, अर्ध्या तासात गुलाबराव आला. टोपी काढून बसला, शेवंताला बहीण म्हणाला, झालं ते वाईट झालं म्हणाला. मग त्यानं आपली गोष्ट मांडली. कागदावर केवलराम आहे. कागदावर त्याची बायको शेवंता आहे. पक्की नोकरी लागून राहिली, क्वार्टर भेटून राहिलं, नळ, बिजली. बळीरामचं लग्न झालं नाही. पोरीला इथं आणावं, शाळेत टाकावं. कोणाचं काय बिघडते? नाहीतर गावाला जाऊन काय करशील, कपाळ पुसशील? कागद तर तुला विधवाही म्हणणार नाही.

"कागदाले काय पाहिजे?" तो म्हणाला. "एक नवरा, एक बायको. दोघंबी हजर आहेत."

त्याचा राग येतो म्हणता? मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की एक क्षण मला ते पटलं. खोटं बोलत नाही. नळ, बिजली, घरी वाट पाहणारं माणूस. मी मान खाली घातली अन् ती हो म्हणते का याची वाट पाहिली.

शेवंता उठली. चुलीजवळ मनकर्णाबाई उभी होती, तिच्यापाशी गेली अन् भिंतीकडे तोंड करून, हळू पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "केवलराम. त्यायचं नाव केवलराम. आता घेतलं तं चालते मले."

बाईनं चुलीत पाणी ओतलं. भर दुपारी. फस्स करून वाफ उठली, सगळं हाटेल धुरानं भरलं. माणसं खोकत बाहेर पडली. गुलाबराव जाता जाता बाईला म्हणाला, शेड कोनाच्या जागेवर आहे ते विसरू नका. तिनं त्याला नाव-गाव विचारलं. "मले ओळखत नाई का बाई?" तो हसला.

"आतापावतर ओळखत होती," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी, बाई अन् शेवंता कंत्राटदाराच्या टाइम ऑफिसात गेलो. रात्रभर मी यादी डोळ्यांपुढे आणत होतो अन् पुसत होतो. शौर्य-बिर्य काही नव्हतं. बाईनं दारात येऊन, चाल, म्हटलं अन् मी चाललो. हजेरीबाबू तरुण होता, चष्मेवाला, रायपूरकडचा. त्यानं रजिस्टर काढलं. केवलराम वल्द शालिकराम, फेब्रुवारीपासून एकही खाडा नाही. पुढे अंगठे, अंगठे, अंगठे. सगळे माझे.

मी म्हटलं की केवलराम मेला. त्यानं विचारलं, सांगणारा कोण? मी म्हटलं बळीराम. त्यानं बोट फिरवत पूर्ण रजिस्टर पाहिलं. बळीराम नावाचा माणूस कामावर नव्हता.

"जो हमारे यहाँ है ही नहीं उसका बयान मैं कैसे लिखूँ?" तो म्हणाला. चिडून नाही, खरंच अडचणीत पडल्यासारखा. मग त्यानं बिल्ला पाहिला. "तीन सौ सत्रह तो तुम्हीं हो. केवलराम बोल रहा है कि केवलराम मर गया?"

मनकर्णाबाई पुढे झाली. "म्या दोघायलेबी काफी पाजली. दोन मानसं होते. पहिल्याले साखर कमी लागे." बाबूनं तिच्याकडे पाहिलं, दौत सरकवली, बंद केली. मी म्हटलं की अंगठे जुळवून पाहा, फेब्रुवारीच्या आधीचे अन् नंतरचे. तो म्हणाला, आधीचं रजिस्टर नागपूरच्या ऑफिसात गेलं. अन् पोलिसात जायचं तर जा, पहिले तुलाच बसवतील.

मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. बाबूनं बिल्ला उचलला, लेखणी बुडवली अन् त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं. मी उलटं वाचलं. केवलराम, गैरहाजिर.

मेला असं नाही लिहिलं. आला नाही असं लिहिलं. दहा दिवस असाच आला नाही तर नियमानं नाव कटणार, स्वतःहून काम सोडलं म्हणून.

परत येताना शेवंतानं विचारलं की अग्नी कोणी दिला. ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी फकिरा आपणच आला अन् बाकावर बसला नाही, जमिनीवर बसला. "म्या देल्ला," तो म्हणाला. "गुलाबरावनं माचीस माह्याच हातात देल्ली."

आमच्याकडे मरणाची खबर उशिरा लागली तर ऐकल्या दिवसापासून दहा दिवस मोजतात. रविवारी ऐकलं, म्हणजे दहावा मंगळवारी. कामाचा दिवस. शेवंता तोवर हाटेलातच राहिली, मागच्या बाजूला, जमिनीवर निजून. बाईनं चूल परत पेटवली अन् प्रत्येक पेल्याबरोबर एकच गोष्ट सांगितली, मंगळवारी शिवनाथवर केवलरामचा दहावा आहे. ये म्हणाली नाही. फक्त सांगायची. तिसऱ्या दिवशी टाकीचं पाणी बंद झालं. ती लाईनीपलीकडच्या विहिरीवरून दोन-दोन घागरी आणू लागली. मीही आणू लागलो, मला दुसरं काम नव्हतं. टोळी चाळिसाची होती. कोण येईल, कोणी बोलत नव्हतं. खाडा पडला तर वर्ष भरत नव्हतं, वर्ष भरलं नाही तर शिफारस नव्हती. हे गणित बाईलाही येत होतं. ती काफी ओतताना कोणाच्याही डोळ्यांत पाहत नव्हती.

मंगळवारी सकाळी आम्ही नदीवर पोचलो. फकिरा होता. ज्यानं अग्नी दिला त्यानंच बसायचं असते. न्हावी आणला होता, त्यानं फकिराचं डोकं, मिशी साफ केली. त्या तोंडाकडे पाहून कधीमधी हसू यायचं, त्या दिवशी आलं नाही. मग लाईनीकडून दोन जण येताना दिसले. मग चार. शेवटी अकरा झाले, फकिरा धरून. चाळिसातले अकरा. शेवंतानं मोजले. न्हावी सामान आवरत होता, तर पहिला जो आला होता तो त्याच्यापुढे जाऊन बसला. त्याचं केवलरामशी नातं ना गोतं. मग दुसरा बसला. न्हावी म्हणाला, बापा, भाऊबंद किती आहेत याचे? अकराही जणांची डोकी झाली. बारावा मी बसलो.

शेवंता दुपारच्या पॅसेंजरनं गेली. तिन्ही कार्डं मी तिला दिली. तिनं ती पिशवीत टाकली अन् माझ्याकडे पाहिलं नाही. मनकर्णाबाईनं वाटेसाठी भाकरी बांधून दिली, पोरीचं नाव विचारलं, अन् गाडी सुटेपर्यंत तिचा हात धरून डब्याबरोबर चालत राहिली.

बुधवारी हजेरीच्या रांगेत अकरा जणांनी डोक्यावरचे गमछे काढले. मी गेटाबाहेर होतो, फकिरानं नंतर सांगितलं. गुलाबराव एकेक टाळू पाहत चालला अन् त्याचं भाऊ-भाऊ बंद पडलं. खाड्याचं कारण लिहिणं बाबूला भाग होतं, रकाना होता. त्यानं फकिराला विचारलं.

"दहाव्याले गेलतो."

"किसका?"

"केवलरामचा."

गुलाबराव म्हणाला, घरगुती काम लिहून टाका. बाबूची लेखणी बराच वेळ दौतीत राहिली. मग त्यानं लिहिलं, केवलराम का दहावा. खालच्या दहांसमोर पुन्हा लिहिलं नाही, नुसत्या दोन-दोन बारक्या रेघा मारल्या. त्याच पानावर वरच्या ओळीत, नियमाप्रमाणे, दहावा दिवस भरला म्हणून लिहिलं, केवलराम वल्द शालिकराम, स्वतःहून काम सोडलं. एकाच पानावर दोन्ही. दोन्ही त्याच शाईनं.

अकराही जणांची नावं शिफारशीच्या यादीतून गेली. बाईचं शेड महिन्याभरात उचलायला लावलं. तिनं ते लाईनीपलीकडे विहिरीजवळ नेऊन उभं केलं, अन् तिथंही नाव-गाव विचारायला लागली.

त्या बुधवारी नऊ वाजता बाबू गेटाबाहेर आला. एक माणूस पाहिजे होता. शंभर जण पुढे सरकले. तो माझ्यापाशी थांबला, नाव विचारलं. मी म्हटलं, बळीराम, बोथलीचा. त्यानं माझ्या टाळूकडे पाहिलं, चष्मा सारखा केला, अन् माझ्या बाजूच्याला नाव विचारलं.